कपाटाबाहेरचा एक दिवस

मी किसन गोरिवलेचा पासपोर्ट बोलतोय. जन्म मुंबईचा, पण आयुष्याची सहा वर्षे आखातात, रास अल खैमातल्या एका बांधकाम कंपनीच्या लोखंडी कपाटात गेली. कारण सांगितले जाई, ‘सुरक्षितता’. माझ्यासारखे एकशे चाळीस पासपोर्ट तिथे सुरक्षित होते; असुरक्षित होते ते फक्त त्यांचे मालक. किसनचे वडील वारले, तेव्हा मला बाहेर काढण्याच्या अर्जावर सही होईपर्यंत इतके दिवस गेले, की तो गुहागरला पोचला थेट तेराव्याच्या पंगतीला. आता आईच्या, प्रभावतीबाईंच्या, हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि रजेचा अर्ज ‘इन्शाल्ला’ या शेऱ्यापाशी थांबला होता.

अशा वेळी शारजाच्या अल मजाज भागातल्या मराठी मंडळाने बोटीने ओमानच्या खसब बंदराची एकदिवसीय सहल काढली. कार्यवाह स्मिताताईंना बोटीवर संस्कृती हवी होती. संस्कृतीला ढोलकी लागते, ढोलकीला किसनचे हात, आणि हातांना सरहद्द ओलांडायला, दुर्दैवाने, पासपोर्ट लागतो.

कंपनीचा कारकून खैरुद्दीन मला किसनच्या हातात देत म्हणाला, “घूमने जा रहा है? ठीक है. लेकिन कल ये वापस चाहिए.”

“अच्छा साब, आता हूँ,” किसन म्हणाला.

खैरुद्दीन निश्चिंत झाला. सही घ्यायचेही विसरला.

पूर्वी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता बाकरवडी घ्यावी लागते. बोट सुटताच डबे उघडले. समुद्राला सर्वांनी पाठ दाखवली, कारण फोटोत तो मागेच हवा असतो. खसबचा किल्ला मंडळाने बाहेरून पाहिला आणि सुपरमार्केट आतून.

“मम्मा, इज धिस अब्रॉड?” स्मिताताईंच्या आरवने विचारले. “इट लुक्स लाइक होम.”

“अरे, पासपोर्टवरचा शिक्का बघ ना,” त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ढोलकी अडखळू लागली. “किसनभाऊ, एका हाताने कसली ढोलकी?”

“ताई, दुसरा कामात आहे.”

तो दुसरा हात खिशावर होता. खिशात मी होतो.

किसन कंपनीत परतला, मी मात्र कपाटात परतलो नाही. तिसऱ्या दिवशी किसन मुंबईच्या विमानासाठी विमानतळावर उभा असताना खैरुद्दीनचा फोन आला. “किसन, तू बोला था ना, आता हूँ?”

“साब, हमारे में जानेवाला ऐसाच बोलता है.”

निघताना ‘जातो’ म्हणणे आपल्या लोकरीतीत अशुभ. म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. खैरुद्दीनने निरोपाला वचन मानले. कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणे तिथेही बेकायदा; म्हणजे कायद्याने मी पहिल्या दिवसापासून मोकळा होतो. प्रत्यक्षात सोडवले ते एका क्रियापदाने.

 पलीकडून आवाज आला, “खलास. अब किसी मराठी को ढोलकी बजाने नहीं भेजूँगा. माँ को सलाम बोल.”

सध्या माझा मुक्काम मुंबईच्या एका रुग्णालयात आहे. घामाने माझी पाने फुगली आहेत, मुखपृष्ठावरचे सोनेरी सिंह पुसट झाले आहेत. वाचकहो, आपला पासपोर्ट खुशाल खराब होऊ द्या; पण होऊ द्या तो आपल्याच खिशात.

काल प्रभावतीबाई शुद्धीवर आल्या. डोळे उघडताच त्यांनी विचारले, “किती दिवस सोडलंय रे तुला?”

किसनने मला त्यांच्या उशाखाली सरकवले. “तू सांग,” तो म्हणाला.