भावजींनी काढलेली डिस्क

भावजींनी माझ्या कॉम्प्युटरमधून जुनी डिस्क काढली आणि स्क्रीन काळी पडली. वर एकच ओळ, बूट डिव्हाइस सापडत नाही. आत एका हॉस्पिटलचे नकाशे होते, माझी चार महिन्यांची मेहनत. संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. घरात काही बिघडलं की नवरा त्यांना बोलावतो, आणि न बिघडलेलं ते स्वतःहून उघडतात. गेल्या आठवड्यात नवीन डिस्क त्यांनीच बसवली, विंडोज त्यांनीच टाकलं, माझं सगळं कामही तिच्यावर हलवलं. आज म्हणे जुनी उगाच जागा अडवते. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत ती त्यांच्या पिशवीत गेलीसुद्धा.

त्यांचं निदान तयार होतं. नवीन डिस्कच खराब, फॉरमॅट मारू, सगळं पुन्हा टाकू. आणि माझे नकाशे? भावजींनी नुसते खांदे उडवले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपर्यंत धडधाकट असलेली डिस्क यांचा हात लागताच खराब कशी होईल? नवरा म्हणाला, तुला त्यातलं काय कळतं, त्याला करू दे.

भावजींनी पेनड्राइव्ह लावला. सगळं पुसायचं का, असं स्क्रीनवर आलं आणि त्यांचं बोट बटणाकडे गेलं. मी भिंतीतला प्लग उपटला.

"वेड लागलंय का तुला?" नवरा ओरडला.

"लागलंय. भावजी, ती पिशवी इकडे द्या."

खांब काढल्यावर छत खाली आलं, तर आधी खांब परत लावावा, एवढं नकाशे काढणाऱ्या बाईला कळतं. मी जुनी डिस्क जोडली आणि मशीन मुकाट्याने सुरू झालं. डिस्क विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला तेव्हा उलगडा झाला. विंडोज टाकताना या शहाण्यांनी दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या होत्या. विंडोज गेलं नवीनवर, पण मशीन सुरू करणाऱ्या फाइल राहिल्या जुनीवर.

नकाशे पाठवून बाहेर आले, तर नवरा फोनवर सासूबाईंना सांगत होता, की धाकट्याने आज हिचं काम वाचवलं. भावजी शेजारी बसून मान डोलावत होते. चोर तो चोर, वर शिरजोर. मी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, मशीन भावजींनीच बंद पाडलं होतं. चालू मी केलं. यापुढे ते त्याला हात लावणार नाहीत."

आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी तयारच होते.

"माझं शिलाई मशीनही त्यानेच उघडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "लोकांचे कपडे शिवायचे मी. ते बंद पडलं ते पडलंच. मला तेव्हा असं बोलता आलं नाही गं."