चार किलो हिरवा रंग

तिसऱ्या बाईनं कुंडात अक्षतांची मूठ सोडली. ज्वाळा पिवळीच राहिली आणि गर्दीतून "निर्दोष, निर्दोष" असा घोष उठला. चौथी होती जयवंताबाई, अंगणवाडीतली मदतनीस, साठीला टेकलेली. तिला दोघांनी दंडाला धरून आणलं होतं. ज्वालानाथ महाराजांनी ताटातल्या अक्षता तिच्या मुठीत भरल्या आणि मनगट धरून ती मूठ कुंडावर मोकळी केली. ज्वाळा फस्सकन हिरवी झाली.

दोनशे माणसं एकदम मागे सरली, मग एकदम पुढे आली.

"अग्नी झूठ नाही बोलत, बेटा," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पिवळा म्हणजे साफ मन. हिरवा म्हणजे करणीचं जहर. मी काहीच बोलत नाही. मी निमित्त. जे बोलले ते अग्निदेव बोलले."

काहीच न बोलता महाराज बरंच बोलून गेले होते. पहिली काठी सुशीलनं मारली. सुशील कोळशाचा ट्रक चालवतो. त्याची सहा वर्षांची पिंकी चार दिवस उलट्या करत होती आणि त्या सकाळपासून तिच्या पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. काठी जयवंताबाईच्या खांद्यावर बसली तेव्हा हाडाचा आवाज मला मागे उभं राहून ऐकू आला. ती खाली बसली. कुणीतरी केसांना धरून तिला उठवलं. एका बाईनं तोंडावर चप्पल मारली आणि ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं.

"माह्या पोट्टीवर काहून करणी केली वं तू?" सुशील ओरडत होता.

"मी कायले करू, बाबू? मी तं तिले दवाखान्यात ने म्हणून राहिली होती."

तो दिवस मारबतीचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आमच्या नागपूरकडे त्या दिवशी रोगराईचा पुतळा ओरडत ओरडत गावाबाहेर नेतात आणि जाळतात. गर्दीतून आवाज आला, "घेऊन जा गे मारबत." एरवी हे ओरडताना पोरं खिदळतात. आज कुणी हसलं नाही. बांबू-कागदाची मारबत पारापाशी तशीच पडून होती आणि तिचा दोर जयवंताबाईच्या कमरेला बांधला जात होता. दोघं जण रॉकेलचा डबा शोधायला धावले.

मी गर्दीच्या मागे स्कूटर धरून उभी होते. सांगायला लाज वाटते, पण ती हिरवी ज्वाळा पाहून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हा तर माझा माल.

मी मुग्धा. सक्करदऱ्याला राहते, एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आतषबाजीच्या रंगांचं मला वेड आहे. फटाके मी बनवत नाही. परवाना आहे तो शोभेची दारू बनवणाऱ्या रुपरावांचा, आणि हातही त्यांचाच. त्यांच्या दसऱ्याच्या रोषणाईसाठी दुर्मिळ माल हुडकून देणं हा माझा छंद. नवरा म्हणतो, लोकांच्या बायका साड्या शोधत फिरतात, ही मिठं शोधत फिरते. त्यात ज्वाळेला हिरवा रंग देणारं बेरियमचं मीठ, म्हणजे क्षार, फार नखरेल. चांगलं हवं तर महिनोन्‌महिने फोन करावे लागतात, नावपत्ता लिहून द्यावा लागतो, आणि ते विष असल्यामुळे डब्यावर कवटीचं चित्र असतं.

यंदा इतवारीतले माझे नेहमीचे दुकानदार सुमंतभाऊ यांनी हात वर केले. "होतं नव्हतं ते चार किलो खापरखेड्याकडचे एक सज्जन घेऊन गेले, मॅडम. शोभेच्या दारूचा शौक आहे म्हणाले." मला तर आनंद झाला. आपल्यासारखाच कुणी वेडा निघाला, त्याच्याकडून अर्धा किलो मागून आणू, असा विचार करून मी सुमंतभाऊंकडून पत्ता घेतला आणि मारबतीच्या सुट्टीला निघाले. पत्ता निघाला महाराजांच्या मठाचा.

दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. माझ्यापुढच्या बाईच्या हातात राखेची पुडी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"महाराजांचा अंगारा, ताई. याच कुंडातला. तापाच्या पोरांले दिवसातून तीन डाव देऊन राहिलो आम्ही. हे जयवंता नको देऊ म्हणे. आता समजलं काहून म्हणे."

मलाही समजलं. पावसाळ्यात पोरांना साधा ताप आला होता. महाराज रोज कुंडात विष टाकून चमत्कार दाखवत होते आणि त्याचीच राख पोरांना चाटवत होते. या विषानं आधी उलट्या होतात आणि मग हातपाय लुळे पडतात. अंगारा बंद करायला सांगणारी एकच बाई गावात होती, आणि तिला जाळायला रॉकेल आणलं जात होतं.

मी स्कूटर तिथंच पाडली आणि घुसले. एक कोपर बरगडीत बसलं, एक काठी माझ्या हातावर पडली. ज्यानं मारली तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि पुन्हा जयवंताबाईकडे वळला. मी कुंडाजवळ पोहोचले. ताटाच्या मधोमध हळदीची रेघ होती, आणि मी मघाशी पाहिलं होतं, की पहिल्या तिघींना महाराजांनी डावीकडच्या अक्षता दिल्या होत्या, जयवंताबाईला उजवीकडच्या. मी उजवीकडची मूठ उचलून कुंडात फेकली.

ज्वाळा हिरवी झाली. काठ्या थांबल्या.

"मीही करणी केली का?" मी विचारलं. "मी तर आज पहिल्यांदा या गावात आले." मग सुशीलच्या हातात त्याच अक्षता कोंबल्या. "आता तू टाक."

 त्यानं त्या टाकल्या. ज्वाळा पुन्हा हिरवी झाली, आधीपेक्षा मोठी.

"स्वतःच्या लेकीवर तूच करणी केलीस का?"

 मी डावीकडच्या अक्षता घेऊन दोरानं बांधलेल्या जयवंताबाईच्या हातात दिल्या. तिनं त्या कुंडात सोडल्या. ज्वाळा पिवळीच राहिली.

"अग्निदेवाचा कोप झाला," महाराज उठत म्हणाले. "ही शहरातली औरत अपवित्र आहे, इसको हटाओ."

"मग उजवीकडचे चार दाणे तुम्ही खाऊन दाखवा," मी म्हटलं. "पवित्र अक्षता आहेत. तुम्हाला काय होणार?"

महाराजांनी तोंड घट्ट मिटलं. सुशीलनं ताटात मूठ घातली, दुसऱ्या हातानं महाराजांची मान धरली आणि ते दाणे त्यांच्या ओठांवर दाबले. महाराजांचं हिंदी तिथंच संपलं.

"सोड ना बे, जहर आहे थे," ते किंचाळले.

हे दोनशे माणसांनी ऐकलं. मग तोच दोर, त्याच काठ्या महाराजांवर पडू लागल्या. त्यांचं नाक फुटलं, दाढीत रक्त उतरलं. खरं सांगते, पहिल्या दोन-चार काठ्या मी थांबवल्या नाहीत. मला बरं वाटत होतं. थांबवलं ते जयवंताबाईनं.

"त्याले मारून पोट्टी उभी नाही होत," ती जमिनीवरूनच म्हणाली. "पिंकी कुठी आहे?"

गावचे पोलीस पाटील मधुकरराव तोवर हाताची घडी घालून पारावर उभे होते. आता त्यांना ठाण्यात फोन करायचं सुचलं. मी ताट आणि राखेच्या पुड्या त्यांच्या ताब्यात दिल्या, घरोघरचा अंगारा गोळा करायला सांगितलं आणि आजारी पोरांना एका जीपमध्ये घातलं. पिंकीला घ्यायला जयवंताबाईनं एकच हात पुढे केला, कारण दुसरा उचलत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांना विषाचं नाव सांगता आलं म्हणून नेमका उपचार लगेच सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पिंकी भिंत धरून उभी राहिली.

सुशील जयवंताबाईच्या खाटेपाशी पाय धरायला आला तेव्हा मी तिथं होते. "माफ कर, माय. अग्नी हिरवा झाला ना, म्हणून मले वाटलं..."

"अग्नी त्यानं हिरवा केला, बाबू," ती म्हणाली. "काठी तं तूच उचलली."

 

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला चालू आहे, आणि काठ्या मारणाऱ्या अकरा जणांवरही. माझं मात्र तुमच्यापाशी साधं मागणं आहे. ज्वाळेचा रंग माणसाचं मन सांगत नाही, तिच्यात काय पडलं तेवढंच सांगतो. उद्या तुमच्या गावात असा कुंड पेटला तर ताट कुणी भरलं ते विचारा, आणि दुसऱ्याच्या हातानं त्याच ताटातली मूठ टाकून बघा. पोर आजारी पडलं तर राख चाटवू नका, दवाखान्यात न्या. आणि हे सगळं काठी उचलण्याआधी करा.

यंदा दसऱ्याला रुपरावांच्या रोषणाईत हिरवा रंग नव्हता. महाराजांकडचा उरलेला माल पोलिसांच्या कपाटात पुरावा म्हणून ठेवलेला आहे. जयवंताबाईला मी मुद्दाम रोषणाई बघायला आणलं. पिंकी तिच्या शेजारी उभी राहून वर बोट दाखवत होती. जयवंताबाई मान वर करून बघत होती, पण तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.