पालथा ठेवलेला छापदगड

मित्रांनो, मी एक जुना छापदगड आहे, आणि मला फार राग आलेला आहे. दगडाला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या अंगावर एका बाईने आपले सर्वांत चांगले चित्र काढले आणि ज्याला तिच्याच प्रदर्शनात तोंड खाली करून ठेवले, त्याला राग येतो.

मी जर्मनीतल्या बव्हेरियाच्या खाणीतला. तिथून फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, केरवेन बंदरात आलो, तो सोलेन ल गारेक या तरुण चित्रकर्तीच्या खोलीत. आमचे काम असे असते: माझ्या गुळगुळीत अंगावर तेलकट खडूने चित्र काढायचे, पाणी फिरवायचे आणि मग शाईचा रूळ. शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. कागद दाबला की चित्र त्यावर उतरते, पण उलटे. म्हणून माझ्यावर अक्षरेसुद्धा उलटीच लिहावी लागत. छपाई संपली की वाळूने घासून मला पुन्हा कोरे करत.

सोलेनने माझ्यावर काय नाही काढले! मुलांच्या पुस्तकांतले भांडखोर खेकडे, शिडात झोपलेला वारा, सार्डिन मासळीच्या डब्यांवरची निळी होडी. ती होडी गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात होती. पण डब्यावर नाव छापले होते ते कारखान्याच्या मालकाचे. सोलेनचे नाव कुठेही नव्हते. माझ्या रागाची सुरुवात तिथूनच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर कारखान्यातल्या बायकांनी काम बंद केले. होड्या लागल्या की रात्र असो, पहाट असो, त्यांना बोलावून घेत आणि मासळी संपेपर्यंत उभे ठेवत. लाकडी बूट वाजवत त्या कारखान्याच्या दारात जमल्या. सोलेन त्यांच्यात जाऊन उभी राहिली, आणि घरी येऊन तिने मला पुढे ओढले. पांढऱ्या टोप्या, खारवलेले हात, वर उचललेल्या हनुवट्या. सगळ्यांच्या पुढे एक फलक, आणि त्यावर त्यांची घोषणा. रात्रभर छापलेले ते चित्र सकाळी गावातल्या भिंतींवर लागले.

दुपारी मालक स्वतः आला.

"हे आत्ताच्या आत्ता घासून टाका," तो म्हणाला.

"दगड माझा आहे."

"डबे माझे आहेत, हे विसरू नका."

"मग डब्यांवर तुमचंच तोंड छापा," सोलेन म्हणाली. "बघू कोण विकत घेतं ते."

जिन्यात उभ्या असलेल्या बायका खो खो हसल्या. मालक हसला नाही. डब्यांचे काम त्याने त्याच दिवशी काढून घेतले. पुस्तके छापणाऱ्यांचे निरोप येईनासे झाले. गावातल्या संग्रहालयाच्या समितीचा अध्यक्ष हाच मालक होता. सोलेन दरवर्षी आपली तैलचित्रे हातगाडीवर घालून तिथे न्यायची, आणि दरवर्षी परत आणायची. पावसात कॅनव्हासवर स्वतःचा कोट पांघरून, भिजत. हे मी पाहिले आहे, मित्रांनो.

मला मात्र तिने पुन्हा कधी घासले नाही. चित्र टिकावे म्हणून त्यावर डिंकाचा हात दिला, वर फ्लॅनेलचे मऊ कापड घातले आणि मला भिंतीशी ठेवले. शाळेत चित्रकला शिकवून तिने दिवस काढले, आणि ती गेली.

तिची भाची नोलवेन, तीही आता सत्तरीची आहे. मागच्या वर्षी त्याच संग्रहालयाचे संचालक दलोबेल तिच्याकडे आले. सोलेनच्या सगळ्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवायचे होते. नोलवेनला भरून आले. तिने चित्रे दिली, मलाही दिले.

उद्घाटनाला मी दालनाच्या मधोमध होतो, पण पालथा. चिठ्ठीवर फक्त 'छपाईचा दगड'. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'एकांतप्रिय सोलेन ल गारेक आयुष्यभर प्रदर्शनांपासून दूर राहिल्या आणि काळाच्या ओघात विस्मृतीत गेल्या.' एकांतप्रिय! खाली खर्च उचलणाऱ्याचे नाव होते. तोच कारखाना, आता नातवाच्या हातातला.

"साहेब, हा दगड पालथा का ठेवलाय?" नोलवेनने विचारले.

"बाई, या बाजूने दगडाचा पोत छान दिसतो."

"पोत? बायकोचा फोटो लावताना तिची पाठ लावता का हो भिंतीवर?"

सफरचंदाच्या मद्याचे पेले हातात घेतलेली मंडळी वळून पाहू लागली. नोलवेनने मागे वळून हाक मारली, "अगं पोरींनो, या इकडे!" त्या आजच्या कारखान्यातल्या कामगार बायका होत्या. आज्यांची चित्रे पाहायला आल्या होत्या. चौघींनी मला धरले.

"हात लावू नका!" दलोबेल ओरडले.

"रोज याहून जड पेट्या उचलतो आम्ही," एकजण म्हणाली, आणि त्यांनी मला उलटवले.

कित्येक वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला.

"पाहा, यावरचं काही वाचतासुद्धा येत नाही," दलोबेल चाचरत म्हणाले.

पेरीन नावाच्या मुलीने पर्समधून छोटा आरसा काढला, माझ्यासमोर धरला आणि मोठ्याने वाचले: "आम्ही डब्यातली मासळी नाही!"

 मग दुसरीने तेच म्हटले, मग तिसरीने, आणि सगळे दालन घुमू लागले. उद्घाटनाला आलेल्या मालकाच्या नातवाने पेला खाली ठेवला आणि तो निघून गेला.

पण माझा राग तिथे संपला नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दलोबेल यांचे कौतुक होते. काय, तर हा दगड लोकांसमोर मांडण्याचे धाडस त्यांनी दाखवले! नोलवेनने भिंतीवरचे ते वाक्य बदलायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आता रंगवून झालंय हो, बाई." ते वाक्य अजून तिथेच आहे.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो. संग्रहालयात जरूर जा. कुणाच्या नावापुढे 'विस्मृतीत गेले' असे लिहिलेले दिसले, तर मान हलवून पुढच्या दालनात जाऊ नका. 'कोणी घालवले?' असे मोठ्याने विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहा. पहारेकरी संग्रहालय बंद होण्याची घंटा वाजवील. वाजवू द्या.