कुलपात ठेवलेली चाल

या, अशा जवळ सरकून बसा. रामरायाच्या देवळात एकदा डिस्को शिरला होता आणि त्याला हाताला धरून आत कोणी आणलं, ते आज तुम्हाला सांगते.

जुन्या हुबळीत आमचं कापडाचं दुकान. खण आणि इरकली लुगडी. दुकानावर आणि घरावर सत्ता गोविंदअण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी आणि चुलतबहीण अश्विनी गच्चीवर टेप लावून डिस्कोच्या गाण्यावर नाचायचो. गाण्यात मधेच सगळे मिळून "हे" असं ओरडायचे, तिथं आम्ही एक हात आभाळाकडे फेकायचो. एके दिवशी अण्णा वर आले. त्यांनी हात तेवढे पाहिले. गाणं त्यांच्या कानात शिरलंच नाही. कॅसेट काढून नेली आणि दुकानाच्या कपाटात, शालूंच्या मागं कुलूपबंद केली.

तेवढ्यात रामनवमी आली आणि धारवाडहून वेणूबाई आल्या. दर वर्षी देवळात कीर्तन त्यांचं आणि मुक्काम आमच्याकडे. आम्ही त्यांना वेणूआक्का म्हणायचो. आवाज असा, की बाजारातला गलका आपसूक खाली बसायचा. पण कीर्तनाच्या मध्यंतरात एक गोची होती. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा आणि सगळ्यांना पानक वाटायचं. लोक गूळ-वेलचीचं ते गार पाणी प्यायचे आणि चपला शोधायला लागायचे. गेल्या वर्षी उत्तररंगाला पेटीवाला, तबलजी आणि झोपलेली दोन पोरं उरली होती.

जेवताना अण्णांनी विषय काढलाच. "वेणूबाई, यंदा मंडप शेवटपर्यंत भरलेला राहायला पाहिजे बघा. नाहीतर देवळाचे पंच म्हणतात, पुढच्या वर्षी पडदा लावून देवाचा सिनेमा दाखवू."

"पानक शेवटी वाटा की मग," आई म्हणाली.

"चैत्रातल्या तहानेल्या माणसाला गोष्टीसाठी अडवून ठेवू? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही," वेणूआक्का म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. त्यांच्या कीर्तनाची बाकीची देवळं केव्हाच सुटली होती. हे एवढंच उरलं होतं.

दुपारी आम्ही दोघी कोसंबरीसाठी, म्हणजे डाळीच्या कोशिंबिरीसाठी, कैरी किसत होतो. टेप बंद, पण तोंड थोडंच बंद? अश्विनी नाकातल्या नाकात गुणगुणत होती. वेणूआक्का वाती वळता वळता थांबल्या.

"ते काय गं? पुन्हा म्हण."

"नको आक्का. ते वाईट आहे. अण्णांनी कुलपात ठेवलंय."

"चालीला कसलं पाप चिकटतंय? शब्द माझे घालते. म्हण तू."

कैरी राहिली बाजूला. दोन दुपारी आमची तालीम चालली. पेटीवाले प्रभंजनमामा लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवायचे. त्यांनी पहिल्या ओळीलाच डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, पंच मला मारतील." आणि वाजवायला लागले.

नवमीच्या संध्याकाळी पूर्वरंग झाला, हार पडला, बुक्का लागला. पानकाचे पेले रिकामे झाले आणि माणसं उठायला लागली. वेणूआक्कांनी चिपळ्या उचलल्या. रामनामाचा गजर सुरू झाला, पण चाल आमच्या गच्चीवरची. एक चप्पल घातलेले गृहस्थ दुसरी हातात धरून थांबले. बाहेरच्या पानपट्टीवरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत आत आली. "हे"च्या जागी मी आणि अश्विनीनं मागून "राम" अशी आरोळी ठोकली. पुढच्या फेरीला अख्खा मंडप ओरडला. सगळ्यात मोठा आवाज अण्णांचा, आणि एक हात आभाळाकडे.

"आणखी एकदा होऊ द्या," अण्णा म्हणाले.

झाला आणखी एकदा. लोक घामाघूम होऊन खाली टेकले, तोच आक्का आख्यानात शिरल्या. आता उठायचं कोणाला सुचतंय? आरतीपर्यंत मंडप हलला नाही.

नंतर अण्णा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "वेणूबाई, ही चाल जुनी दिसते. आमची आई जात्यावर असंच काहीतरी म्हणायची."

"जुनीच आहे, अण्णा. आणि काळजी नको, चांगल्या घरी कुलपात ठेवलीय."

अण्णांनी समाधानानं मान हलवली. अश्विनीच्या नाकातून पानक आलं.

सिनेमाचा पडदा काही आला नाही. आक्का होत्या तोवर नवमी त्यांचीच राहिली, आणि "तो गजर" झाल्याशिवाय पंच त्यांना आख्यान लावू द्यायचे नाहीत.

पुढं दोन हजार सहा साली किरणचं, म्हणजे अश्विनीच्या भावाचं, नवनगरात लग्न झालं. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा होता. एकामागून एक जुनी डिस्कोची गाणी लागली आणि आमच्या वयाचे सगळे आपापल्या शाळेत जाऊन पोचले. मग ते गाणं लागलं. माझ्या नाकात बुक्क्याचा वास भरला, हात आपोआप टाळीला गेले. आणि पहिल्या रांगेत अण्णांची काठी वर झाली.

"थांबवा," म्हणत अण्णा माझ्याकडं वळले. "इंदू, कोण गं हे? आमच्या वेणूबाईंची चाल उचलली की यांनी."

गाणारा पोरगा खाली वाकून म्हणाला, "अज्जा, हे लई जुनं गाणं आहे."

"ते मला सांगतोस? माझ्या देवळातलं आहे. आधी बाईंचं नाव घे, मग गा."

पोरग्यानं माझ्याकडं पाहिलं. मी अश्विनीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता. त्यानं बिचाऱ्यानं माईकवर सांगून टाकलं, "चाल, धारवाडच्या वेणूबाई." अण्णांनी काठी खाली घेतली. पोरं नाचायला लागली, आणि "हे"च्या जागी आमची अख्खी गल्ली ओरडली, "राम."

कॅसेट अजून शालूंच्या मागंच असेल. अण्णांना आम्ही खरं कधी सांगितलं नाही.

गाणं कुठलं ते तुम्हालाही सांगत नाही. जुनं डिस्कोचं कुठलंही लागलं तरी खुशाल नाचा. फक्त एक हात वर गेला की आमच्या वेणूआक्कांची आठवण काढा.