वारुळाची माती

मित्रांनो, मी एक जुना काळ्या मातीचा तुकडा आहे. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना रस्त्यापासून आत एक बंजारा तांडा लागतो. त्या तांड्यातल्या हिरासिंग आणि लालीबाईचं शेत जिथे उताराला संपतं, जिथे वरचं सगळं पाणी येऊन थांबतं, तिथे मी पडून आहे. माझ्याकडे बघून कुणी खूश व्हावं असं माझ्यात आता काही उरलेलं नाही. ओला झालो की मी लोण्यासारखा निसरडा होतो आणि वाळलो की असा टणक, की कुदळ मारणाऱ्याच्या खांद्याला झिणझिण्या येतात. पाऊस पडला तर पाणी माझ्या अंगावर आठ-आठ दिवस गढूळ होऊन उभं राहतं आणि वीतभर खाली मी कोरडाच असतो. मला चोपण म्हणतात. हे नाव मला जन्मापासून नाही. ते कसं मिळालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

काळ्या खडकाची हजारो वर्षं झीज झाली, तेव्हा मी झालो. माझ्यावर कापूस आणि तूर व्हायची. उन्हाळ्यात मला हातभर खोल भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात त्या पाणी पिऊन मिटायच्या. मी गुणी होतो. हे माझं मीच सांगतो, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही.

हिरासिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर मीठ आणि धान्य वाहायचे. ते दिवस संपले आणि त्यांची पुढची पिढी या माळावर स्थिरावली. पण पाय काही थांबले नाहीत. कोरडवाहू शेत चार महिने पोसायचं, उरलेले महिने हिरासिंग आणि लालीबाई ऊसतोडीला जायचे. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. अशा जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. जया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती उसाच्या फडातल्या पालात जन्मली. मोळ्या वाहून लालीबाईचा उजवा गुडघा पस्तिशीतच कामातून गेला.

आठ वर्षांपूर्वी शेतात बोअर मारला आणि त्याला पाणी लागलं. सगळा तांडा बघायला जमला होता. त्या संध्याकाळी लालीबाई एकटीच माझ्याकडे आली. तिच्या हातात तिचा कोयता होता. तिने खड्डा खणून तो माझ्या पोटात पुरला, वरून माती ओढली आणि माझ्याशीच बोलली, “आता माह्या जयाच्या हाती कोयता येणार नाही. तू सांभाळजो.”

मित्रांनो, मातीवर इतका विश्वास कुणी टाकू नये. पण तेव्हा मलाही अभिमान वाटला होता.

बोअरचं पाणी थोडं मचूळ होतं. पण त्यात डाळ पटकन शिजायची म्हणून लालीबाई खूश होती. शेजारणी हंडे घेऊन यायच्या आणि तीही कौतुकाने भरून द्यायची. डाळ शिजवणारा तो गुण पाण्यातल्या सोड्याचा होता, हे तिला कुणी सांगायचं? पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्यावर गहू असा उभा राहिला, की तांड्यातली माणसं येता-जाता थांबून बघायची. मी मात्र आतून बदलत होतो. माझे कण फार बारीक आहेत. कॅल्शियम त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, मधे फटी राहतात आणि त्या फटींतून पाणी आणि हवा फिरते. सोड्यातला सोडियम आला की कॅल्शियमला उठवून त्याच्या जागेवर बसतो. मग कण फुगतात, सुटे होतात आणि फटी बुजतात. बाहेरून काही दिसत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात दिसलं. माझ्या अंगावर पांढरी खपली आली. हिरासिंगने बोटावर घेऊन जिभेला लावली आणि हसला. म्हणाला, आपल्या आजा-पणज्यांनी जन्मभर वाह्यलेलं मीठ आता घरी परत आलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तो स्वभावच तसा.

माणसांनी आमच्यासारख्या मातीची तीन घराणी केली आहेत. पहिलं खारवट. त्यात क्षार भरपूर, अंगावर पांढरा थर, पण सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या आत आणि कण अजून एकमेकांना धरून असतात. दुसरं चोपण. त्यात मोकळे क्षार फार नसतात, पण कणांवरच्या दर शंभर जागांपैकी पंधरांहून जास्त सोडियमने बळकावलेल्या असतात आणि सामू साडेआठच्या वर चढतो. तिसरं खारवट-चोपण, ज्याच्यात दोन्ही दुखणी एकत्र नांदतात. वाळवंटात माझे असे पुष्कळ भाऊबंद आहेत. तिथे पाऊस थोडा आणि ऊन जबर, म्हणून पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. त्यांना ते घराणं निसर्गाने दिलं, मला बोअरने दिलं.

हे वर्गीकरण कागदावरचं वाटेल, पण औषध त्यावरच ठरतं. खारवट मातीला चर खणून चांगल्या पाण्याने धुतलं की ती बरी होते. खारवट-चोपण मातीला नुसतं धुतलं, तर क्षार निघून जातात, सोडियम तेवढा चिकटून बसतो आणि ती पक्की चोपण होते. तिला आधी जिप्सम द्यावं लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतं, मग धुवायचं. त्या उन्हाळ्यात मी खारवट-चोपण होतो. म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच तांड्यावर रंजिता आली. ती नवी कृषी सहायक होती, तिच्याकडे बरीच गावं होती. तिने समाजमंदिरात सगळ्यांना बसवून मातीचा नमुना कसा घ्यायचा ते समजावलं. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे करायचे, सगळी माती एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घ्यायची नाही. जिथे जमीन पांढरी पडली असेल तिथली वेगळ्या पिशवीत भरायची. मग दोन कापडी पिशव्या लालीबाईच्या हातात देऊन ती पुढच्या गावाला गेली.

आता लालीबाईने काय केलं ते ऐका. तांड्यात श्रावणात तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि ज्या टोपलीत अंकुर दाट आणि उंच येतात, त्या पोरीचं सगळ्यांना कौतुक असतं. त्या टोपलीची माती वारुळाची असते. भुसभुशीत, चाळलेली, त्यात शेळीच्या लेंड्यांचा चुरा मिसळलेला. माती द्यायची म्हणजे अशी द्यायची, हे लालीबाई लहानपणापासून शिकली होती. आपली माती यवतमाळला साहेबलोकांच्या टेबलावर जाणार, आणि तिथे हे पांढरं, खरजेसारखं काहीतरी उघडं करून दाखवायचं? तिचं मन घेईना. बांधाच्या टोकाला एक वारूळ होतं. तिने तिथली माती उकरली, पदरावर चाळली आणि एक पिशवी भरली. दुसरी पिशवी धुऊन शेवया ठेवायला घेतली. मी चार हातांवरून बघत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

महिन्याभराने मातीचं कार्ड आलं. सामू सात पूर्णांक सहा, क्षार सर्वसाधारण, सगळं उत्तम. प्रयोगशाळेची चूक नव्हती, तिला मिळाली त्या मातीचं तिने खरं सांगितलं. जयाने कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. लालीबाईने ते देवाच्या तसबिरीमागे खोचलं, आणि हळूहळू तिचाही त्या कार्डावर विश्वास बसला. स्वतःच केलेली लबाडी आहे हे माणूस किती लवकर विसरतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

हिरासिंगने मग हिशोब सोपा केला. जमीन चांगली आहे, वर नुसतं मीठ आहे, तर धुऊन काढू. दोन हिवाळे त्याने बोअरचं तेच सोड्याचं पाणी माझ्यावर तुंबवलं. पांढरी खपली खरंच गेली. लालीबाईने नारळ फोडला. मी मात्र त्या दिवसापासून काळा, तेलकट आणि मुका झालो. पुढच्या वर्षी गहू वीतभर येऊन पिवळा पडला, त्यानंतर हरभरा उगवलाच नाही. दुखणं माझ्यापाशी थांबलं नाही, ते वरच्या अर्ध्या शेतात चढलं. हिरासिंगने बियाण्याला दोष दिला, मग हवेला, मग जयाच्या मामाच्या नजरेला.

गेल्या श्रावणात जया अठरा वर्षांची होती. बारावी झाली होती, यवतमाळला नर्सिंगला जायचं मनात होतं. तीज आली तेव्हा बांधावरचं वारूळ राहिलं नव्हतं, पाइपलाइन टाकताना ते सपाट झालं होतं. जयाने विचार केला, आपल्या शेताची माती उत्तम आहे, कार्डावर लिहिलंय. तिने टोपली माझ्या मातीने भरली.

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या अंगणात माचीवर अकरा टोपल्या होत्या. पाचव्या दिवशी दहा टोपल्या पिवळ्या-हिरव्या झाल्या. जयाच्या टोपलीत पाणी नुसतं वर उभं होतं आणि त्याखाली गहू कुजत होता. नवव्या दिवशी बायका गाणं म्हणत त्या टोपलीपाशी आल्या की आवाज खाली जायचा. एक म्हातारी हळूच म्हणाली, की या पोरीचं पुढं काही खरं दिसत नाही. जया मान खाली घालून उभी होती.

लालीबाई दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठली. टोपलीतला चिखल तिने मुठीत घेतला आणि सगळ्यांसमोर धरला.

“पोरीले कोणी काही म्हणू नका. तिचा दोष नाही आन् मातीचाही नाही,” ती म्हणाली. “म्या तपासाले वारुळाची माती देल्ली होती. खरी लपवली. मले लाज वाटली.”

हिरासिंग तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

रंजिता चार दिवसांनी आली. तिने माझं एक वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडलं. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं तरी खाली बसतं आणि पाणी निवळतं. मी धुरासारखा पसरलो आणि ग्लास गढूळच राहिला. यवतमाळहून माझा खरा सामू आला तो नऊ पूर्णांक तीन. रंजिताने सांगितलं, चर खणा, जिप्सम टाका, ढैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडा, बोअर बंद ठेवा, पावसाच्या पाण्याने धुवा. तीन-चार वर्षं लागतील, आणि तोवर या जमिनीच्या भरवशावर राहता येणार नाही.

“मावशी, तेव्हा ती दुसरी पिशवी भरली असती, तर एका हंगामाचं काम होतं,” ती म्हणाली. रागावून म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

चर खणताना हिरासिंगच्या कुदळीला काहीतरी लागलं. तो लालीबाईचा कोयता होता. क्षाराने त्याचं पातं खाल्लं होतं, हातात घेताच त्याचे लाल पापुद्रे सुटले. जयाही तिथे होती. हिरासिंगने तो उलटसुलट करून पाहिला.

“नवा घ्यावा लागन,” तो म्हणाला.

कोयता जोडीचा असतो आणि लालीबाईच्या गुडघ्याने आता मोळी पेलवत नाही. दिवाळीनंतर तांड्यावर ट्रक आला, तेव्हा हिरासिंगबरोबर जया चढली. नवा कोयता तिने ओढणीत गुंडाळला होता. लालीबाई ट्रकमागे चार पावलं चालली आणि थांबली. परत येऊन ती घरात गेली नाही, माझ्या अंगावर येऊन बसली. मला वाटलं ती मला शिव्या देईल. तिने नुसता हात फिरवला. मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिचा शब्द सांभाळला नव्हता.

ती आता एकटीच चर साफ ठेवते, जिप्सम फोडून पसरते. दर पंधरा दिवसांनी माझं एक ढेकूळ ग्लासात टाकून ग्लास खिडकीत ठेवते. मित्रांनो, तुमच्याकडे कुणी माती मागायला आलं, तर तुमची सर्वांत वाईट माती द्या. वारूळ शेताचं दुखणं सांगू शकत नाही. ते आम्हीच सांगू शकतो, पण आम्हाला पिशवीत घालणारा हात पाहिजे.

काल संध्याकाळी फोन वाजला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता आणि जया धापा टाकत होती.

“याडी, पाणी निवळलं का?” तिने आईला विचारलं.

लालीबाई खिडकीपाशी गेली. पोरीच्या समाधानापुरतं एक वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं, ग्लासातून मला ते दिसलं.

“नाही, माय,” ती म्हणाली. “गढूळच हाय.”

“बरं,” जया म्हणाली. “पुढच्या खेपेले पुन्हा पाह्यजो.”