वाकड्या साच्यावरचे चारशे वेढे

२०२२ सालच्या डिसेंबरात आमची नात प्रिया एक लाकडी साचा आणि सरावासाठी तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन जालन्याला आली. साचा केळासारखा वाकडा होता. कॅन्सरवर उपचार करणारं किरणयंत्र जिथं बनवतात, त्या प्रयोगशाळेत ती इंजिनिअर.

मस्तगडला आमचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्यांच्या, म्हणजे तातेरावांच्या, शेजारी बसून कॉइली भरल्या. कुंभार पिंपळगावची माणसं विहिरीवरची जळालेली मोटार बसच्या टपावर टाकून आणायची आणि ती भरून होईतो आमच्याकडेच भाकरीचं फडकं सोडून जेवायची. काय दिवस होते!

प्रियानं आम्हाला समजावलं. पेशंट पडून राहतो आणि मोठा लोखंडी सांगाडा त्याच्याभोवती फिरतो, म्हणजे हव्या त्या बाजूनं गाठीवर किरण सोडता येतो. किरण वळवायला चुंबक लागतात.

"वजन किती?" ह्यांनी विचारलं.

"सहाशे टन, आबा."

"पंचवीस ट्रक सळई फिरवता?"

"म्हणून तर आम्ही अतिवाहक तारेचा चुंबक करून राह्यलो. खूप थंड केली की ती तार विजेला अडवतच न्हाई. चुंबक लहान, सांगाडा निम्म्यानं हलका. पण तार केसभर हलली तरी गरम होते, सगळं बंद पडतं."

आणि तिची तार हलत होती. फुगीर बाजूला चिकटून बसे, पोकळ बाजूला मात्र धनुष्याच्या दोरीसारखी सुटून उभी राही. जानेवारीत साहेबांना नमुना पसंत पडला नाही, तर तिची रचना रद्द होऊन जुनाच जड चुंबक घेणार होते. पोरीचं जेवणावर लक्ष नव्हतं.

"व्हार्निश ओत, बराबर बसतंय," हे म्हणाले आणि तिनं हो म्हणायच्या आत ओतलंही. सकाळी नख लावलं तर पापुद्रा निघाला, तार पुन्हा वर.

"आबा!" प्रिया रडकुंडीला आली.

"उठा तिथून," मी म्हणाले. "चाळीस वर्षं व्हार्निशच ओतून राह्यले." तारेला ओरखडा नको म्हणून बांगड्या काढल्या, बांबूची पट्टी घेतली. "तू ताणतेस गं. पोकळीत ताणली की उडणारच. ढिली सोड, पट्टीनं दाबून बसव, दोऱ्यानं बांध, मंग दुसरा वेढा."

"आजी, चारशे वेढे आहेत!"

"मंग चारशेदा बांधू. कुठं जायचंय तुला?"

चार दिवस लागले. हे चहा आणून देत आणि हात लावू नका म्हटलं की गाल फुगवत. शेवटचा वेढा बांधल्यावर प्रियानं तारेखाली कागद सारून पाहिला. शिरला नाही. ती नाचलीच.

जानेवारीत तिनं खरी अतिवाहक तार ह्याच रीतीनं भरली. फोन आला, "आजी, थंड केला, वीज सोडली. बिलकुल हलली न्हाई!" ह्यांनी फोन हिसकावला आणि नुसतं "जयभीम" म्हणाले.

प्रिया आता पूर्ण आकाराचे चुंबक भरणाऱ्या गटाची प्रमुख आहे. यंत्रावर पेशंट निजायला अजून काही वर्षं जातील. ह्यांचा मोतीबिंदू काढला. दुकान प्रियाची आई, आमची सून वंदना, चालवते. तिचा हात माझ्यापेक्षा जल्दी चालतो. माझी बोटं आखडली, पण दुपारी दाराशी खुर्ची टाकते. कुणी मोटार घेऊन आलं की वंदनाच्या आधी मीच विचारते, कशानं जळाली.