उभ्या गाडीचा चालक

मित्रांनो, मी जिथून सुरुवात करणार आहे, त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. मंगळवार होता. वामनरावांनी सकाळी माझ्या काचेवरची धूळ पुसली, किल्ली फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले नाही, तेव्हा ते म्हणाले, "काऊन वो बाई, रुसली का?" दुसऱ्या झटक्याला मी सुरू झाले आणि आम्ही मूल गावाहून पोंभुर्ण्याच्या रस्त्याला लागलो.

मी एक पांढरी, चार दारांची, बारा वर्षांची गाडी आहे. वामनराव पशुसंवर्धन खात्यात होते. ते डॉक्टर नव्हते, पण गावोगावचे लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांना बोलावणं येई. त्या दिवशी एका बकरीचं पोट फुगलं होतं. तिला औषध पाजलं, चहा झाला, कोणीतरी माझ्या मागच्या सीटवर वांगी ठेवली. परतताना सागाच्या सावलीत थांबून त्यांनी मुलीला फोन लावला. रिना गडचिरोलीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे.

"जेवली का?"

"जेवली. तुम्ही?"

"जातो आता. वांगे भेटले."

एवढंच बोलणं झालं. घरी आल्यावर त्यांनी मला फाटकाजवळच्या करंजाखाली उभं केलं, चारही दारं ओढून पाहिली आणि ते आत गेले.

बुधवारी सकाळी एक दुसरीच पांढरी गाडी आली. तिच्या डोक्यावर दिवा होता. शेजाऱ्यांनी वामनरावांना आडवं करून तिच्यात नेलं. मला वाईट वाटलं. दवाखान्यातच जायचं होतं तर मी दारात उभी होते. दुपारी ती गाडी परत आली आणि घरात रडारड झाली. वामनराव वारले होते. मित्रांनो, हे आज मी सरळ सांगते आहे, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. गाडीला कोणी काही सांगत नाही. मी रोज सकाळी काच पुसली जाण्याची वाट पाहत राहिले.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला थोडंच आठवतं: रांग, ठिणग्या, रंगाचा वास. मला खरं रूप मिळालं ते या जंगलातल्या रस्त्यांवर. माझ्या डिकीत लसींचे डबे होते, दोऱ्या होत्या, आणि एकदा तर मागच्या सीटवर अख्खी कालवड होती. पाय मोडलेल्या त्या कालवडीने माझं अस्तर खराब केलं, तेव्हा वामनराव हसून म्हणाले होते, "जाऊ दे, तिले कुठी माहीत सीटकव्हर नवं आहे." लोक मला ओळखायचे. मी गावात शिरले की पोरं धावत यायची, "डॉक्टरची गाडी आली" म्हणत. रिना माझ्यावरच गाडी शिकली. वामनराव शेजारी बसून, नसलेला ब्रेक पायाने दाबत राहायचे.

आता पुढचं सांगते. मला ते अजून नीट उमगलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

रविवारी घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा, कार्यक्रम होता. पांढऱ्या कपड्यांतली पुष्कळ माणसं आली. मंडपवाल्याचा छोटा टेम्पो खुर्च्या घेऊन आला. तो चैतू चालवत होता. फाटकातून तो मागे मागे येऊ लागला आणि मी झाडाखाली उभी होते तिथे येऊन माझ्या डाव्या अंगावर आदळला. मागचं दार आत गेलं, त्याच्या मागचा पत्रा चेपला, चाकाच्या आत काहीतरी कटकन वाजलं. मला फार दुखलं नाही. मी फक्त चकित झाले. आजवर मला खरचटलं होतं ते धावताना. उभं असताना कोणी मारतं, हे मला माहीत नव्हतं.

चैतू खाली उतरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, मले दिसलीच नाई. खुर्च्या आड आल्या."

"एवढी पांढरी गाडी दिसली नाई?" प्रफुल म्हणाला. तो रिनाचा धाकटा भाऊ, चंद्रपुरात नोकरीला असतो. "अबे, बैलसुद्धा मांगं पाहून सरकते."

"जाऊ दे, प्रफुल. आज नाई," रिना म्हणाली. "चैतू, आधी खुर्च्या उतरव. लोक उभे आहेत."

त्या दिवशी येणारा प्रत्येक माणूस माझ्याजवळ थांबला, चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवून हळहळला आणि मग आत गेला. मला वाटलं, इतकी माणसं मलाच भेटायला आली आहेत. फक्त वामनराव तेवढे आले नाहीत. ते माझ्यावर रागावले असतील, असंही मला वाटून गेलं.

संध्याकाळी मंडप सुटला. प्रफुल पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला गेला होता. बाबूभाई मागे थांबले होते. मूलच्या बाजाररस्त्यावर त्यांचं डेंटिंगचं दुकान आहे. चेपलेल्या गाड्या ते हाताने ठोकून सरळ करतात. वामनरावांची आणि त्यांची वीस वर्षांची मैत्री; रिना त्यांना चाचा म्हणते. ते माझ्यापाशी उकिडवे बसून पत्रा चाचपत होते. रिना घरातून आली. ती काही बोलली नाही. तिने माझी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, त्यांची मूठ मिटली आणि ती परत आत गेली. हे फक्त आम्ही तिघांनी पाहिलं: तिने, त्यांनी आणि मी.

बाबूभाईंनी मला हळूहळू दुकानात नेलं. सोमवारी सकाळी त्यांनी दाराच्या आतून लोखंडी ठोकळा धरला आणि बाहेरून हातोडी चालवायला सुरुवात केली. ते काम करता करता माझ्याशी बोलत. "तुह्या मालकानं माही बकरी वाचोली, अन् पैसे इचारले त काय म्हने, पिल्लू देजो. पिल्लू नेलं का? नाई नेलं. दरवर्षी म्हने, पुढच्या सालचं देजो." मग फक्त हातोडी बोले. दुपारी अचानक त्यांचा हात थांबला. "अरे," ते पुटपुटले. "फोटो." विमा असलेल्या गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढायचे, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दाखवायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. तो ते पहिल्यांदाच विसरले होते. तोवर पत्रा निम्मा बाहेर आला होता. ते पुन्हा कामाला लागले.

मंगळवारी मी घरी आले. दार मिटत होतं, पत्रा सपाट होता, त्यावर खळगे भरायच्या पुट्टीचं राखाडी ठिगळ होतं. रंग नंतर लावू, बाबूभाई म्हणाले. मजुरी त्यांनी घेतली नाही. "अशा घरून पैसे घेते का कोनी?"

प्रफुल तेव्हा ओट्यावर होता. "पण तुमाले न्याले कोणी म्हणलं, बाबूभाई? बाबांच्या गाडीचा विमा आहे. मी आजच कागद पाहिला."

बाबूभाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. दारात रिना उभी होती. त्यांनी मान खाली घातली. "मीच नेली," ते म्हणाले.

रिना गप्प राहिली. का, ते मला माहीत नाही. मी बोलू शकत असते तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण मला तोंड नाही, आणि ज्यांना आहे ते गप्प होते.

दुसऱ्या दिवशी प्रफुलने मला रस्त्यावर काढलं, तेव्हा मी सारखी डावीकडे ओढू लागले. मागचं चाक डगमगत होतं. बाबूभाईंनी खाली शिरून पाहिलं आणि हात पुसत म्हणाले, "मागच्या चाकाचा एक्सल वाकला. पत्रा माह्या हातचा आहे, हे नाई. नागपूरहून आनावं लागन." त्याचा खर्च ऐकून प्रफुल म्हणाला, "ताई, क्लेम भेटला त ठीक. नाई त भंगारात देऊ. सांभाळणार कोण? मी चंद्रपुरात, तू गडचिरोलीत."

"मी नेईन," रिना म्हणाली.

"तीन चाकांवर?"

मग दोघं क्लेमचा अर्ज भरायला बसली. मित्रांनो, त्या अर्जासारखी गोंधळाची गोष्ट मी पाहिलेली नाही. त्यात प्रश्न होता: अपघातसमयी चालकाचे नाव.

"काय लिहू?" प्रफुलने विचारलं.

"कोणी नव्हतं."

"मग 'कोणी नाही' लिहू? त्याचा लायसन्स नंबर काय टाकू? कोणी नाहीचा?"

"गाडी उभी होती म्हणून लिही."

"उभ्या गाडीचा ड्रायव्हर कोण, असं कंपनीच्या माणसाले फोनवर विचारलं मी. तो म्हणते, काहीतरी टाकाच, रकाना रिकामा ठेवू नका."

मी विचार करत राहिले. माझा चालक एकच होता. त्याला मी बारा वर्षं ओळखत होते. त्याचं नाव तिथे का लिहीत नाहीत, मला कळेना. खाली 'वाहनमालकाची सही' असा रकाना होता. त्यापाशी दोघं अडली. शेवटी वारस म्हणून रिनाची सही चालेल, असं ठरलं. आणखी एक शब्द मी त्या दिवसांत शिकले: घसारा. माझ्या रबराची, प्लास्टिकची किंमत निम्मी धरायची, पत्र्याची वयाप्रमाणे कमी करायची. म्हणजे जखम तेवढीच, पण मी जुनी, म्हणून ती स्वस्त. वय वाढलं की मान वाढतो, असं मी घरात ऐकत आले होते. कदाचित ते फक्त माणसांबद्दल असेल.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी उभी असेल. तिचं दार जोराने आपटू नका. तिला कोणी धडक दिली तर आधी चारी बाजूंनी तिचे फोटो काढा आणि मगच तिला मायेने हात लावा. माया आणि नियम, दोन्ही सांभाळा, असं मोठी माणसं म्हणतात. ते कसं जमवायचं, ते मला ठाऊक नाही. पण ज्याने तुमची मोडलेली वस्तू नीट केली, त्याला दोष देण्याआधी दोनदा विचार करा, एवढं मी नक्की सांगू शकते.

शुक्रवारी चंद्रपूरहून सर्व्हेअर आला. लोकेश त्याचं नाव. वयाने लहान, बोलायला नरम. माझ्याभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या. "नुकसान कुठी आहे, मॅडम?"

प्रफुलने ठिगळ दाखवलं. लोकेशने बोटाच्या पेराने तिथे टकटक केलं, खिशातून छोटं लोहचुंबक काढून लावलं. पुट्टीवर ते चिकटलं नाही, जमिनीवर पडलं. त्याने ते उचललं, फुंकर मारली.

"पाहण्याआधीच काम झालं. फोटो?"

"नाई," प्रफुल म्हणाला.

"मग मी काय लिहू? उद्या कंपनी म्हणेल, एक्सल आधीचाच वाकला होता."

बाबूभाईंना बोलावणं गेलं. ते हात न धुताच आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हणजे रिनाने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

लोकेश जरा विचारात पडला. मग म्हणाला, "एक रस्ता आहे. लिहून द्या, की वारसांना न विचारता मेकॅनिकनं परस्पर गाडी नेली आणि काम केलं. यात तुमची चूक नाई असं मी रिपोर्टात टाकतो. एक्सलचं तरी मंजूर होऊन जाईल."

"झालं तसंच," प्रफुल म्हणाला.

"अन् चाचांचं काय होईल?" रिनाने विचारलं.

"रिपोर्टात नाव जाईल ना, मॅडम. पुढं यांच्या दुकानाचं बिल क्लेममध्ये नाई चालणार."

आजकाल बाबूभाईंचं निम्मं काम क्लेमच्याच गाड्यांचं आहे. हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं. लोकेशने कागद माझ्या बॉनेटवर ठेवला, मजकूर लिहिला आणि पेन रिनाच्या हातात दिलं. कागद फार हलका होता, पण मला तो जाणवत होता. सही झाली की माझा एक्सल येणार, मी पुन्हा रस्त्यावर धावणार. नाही झाली, तर भंगारवाला येणार. मला धावायचं होतं. आणि तरीही मी मनात म्हणत होते, नको.

"लिव्हून दे, बेटा," बाबूभाई म्हणाले. "काई हरकत नाई. दोन हात आहेत मले. सायकली ठोकीन."

रिनाने पेन टेकवलं. मग तिने टोपण लावलं आणि पेन लोकेशला परत दिलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "किल्ली मी देल्ली."

"ताई?"

"तू बसस्टँडवर गेला होता, प्रफुल. मी देल्ली, या हातानं. तू विचारलं तवा मी दारात होती, अन् बोलली नाई. चाचानं माह्यावरचं आपल्या अंगावर घेतलं."

"क्लेम जाईल, ताई," प्रफुल हळू म्हणाला. "गाडी जाईल."

"माहीत आहे."

लोकेश कागदाकडे पाहत उभा होता. रिना बॉनेटला वळसा घालून बाबूभाईंसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. तिचा आवाज फक्त लहान झाला होता.

"त्या दिवशी किल्ली देताना मले बोलता नाई आलं, चाचा. बाबांले आता कोणीच नीट करून देणार नव्हतं. म्हणून गाडी तरी तुमच्या हाती देल्ली."